पासवर्डची वही

डिचोलीच्या बाजारात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
माझं सायबर कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर,
तासाला तीस, अर्ध्या तासाला वीस.
का, ते विचारू नका.
खालून पीठ उडायचं, रस्त्यावरून खाणीची तांबडी धूळ,
ट्रकमागून ट्रक, दिवसभर,
आणि कीबोर्डवरचं ए हे बटण
सगळ्यात आधी दगावायचं.

तेव्हा ऑर्कुट होतं. पोरकट होतं म्हणतात, होतंच.
पण कोण येऊन डोकावून गेलं त्याचं नाव दिसायचं.
सावईकरांचा शांबा रोज संध्याकाळी
तीन नंबरवर बसून आंजेलीनच्या पानावर जायचा.
काही लिहायचा नाही.
तो येऊन गेला हे तिला कळायचं,
तिला कळतं हे त्याला ठाऊक.
दीड वर्ष पुरलं त्यांना एवढं.

मित्राविषयी चार बऱ्या ओळी लिहायची सोय होती.
पोरं म्हणायची, पात्रांव, तुम्हीच लिहा.
मी लिहिलं. ‘मनाचा निर्मळ, शब्दाला पक्का’,
हे मी निदान चाळीस जणांना वाटलं,
त्यात दोघे तर एकमेकांच्या जमिनीवर टपलेले भाऊ.
कुणी ताडून पाहिलं नाही.

मग फेसबुक आलं आणि रोज विचारू लागलं,
तुमच्या मनात काय आहे?
माझ्या मनात विजेचं बिल होतं.
त्याच सुमारास खाणी बंद पडल्या.
ज्यांनी लग्नांचे फोटो टाकले होते
त्यांनी ट्रकांचे टाकले, पुढून, मागून, टायरसकट,
‘विकणे आहे’.
खाली लोकांनी अंगठे उमटवले.
ट्रक विकला जातोय हे आवडलं की ट्रक आवडला,
मला अजून सांगता आलेलं नाही.

माझंही शटर त्याच वर्षी ओढलं.
प्रत्येकाच्या खिशात एकेक माडी आली होती.

आता गावाचा ग्रुप आहे, दोनशे बारा माणसं.
सकाळी फुलं, दुपारी कुणाची तरी हरवलेली म्हैस,
रात्री देवळाच्या हिशोबावरून शिव्या.
ते निर्मळ मनाचे दोघे भाऊ
एका मिनिटाच्या अंतराने बाहेर पडले.
वाटणीपत्र पुढे कोर्टात झालं,
पण आम्हाला कळलं त्या दोन करड्या ओळींत.

भाची रेश्मल व्हिडिओ करते. अकरा हजार जण बघतात.
मी म्हटलं, यातले तुझ्या ओळखीचे किती?
ती हसली. मामा, हे ओळखीच्यांसाठी नसतंच.
बरोबर असेल तिचं. मला उत्तर सुचलं नाही.
मी बोट वर सरकवतो,
फोन मला माझाच गोवा दाखवत राहतो,
निळा, माडांचा, अनोळखी माणसांनी नाचलेला.
डिचोली त्यात अजून आलेली नाही.
म्हैस तर नाहीच.

परवा माळा आवरताना वही सापडली.
काळ्या पुठ्ठ्याची, गिरणीच्या हिशोबाची.
लोक पासवर्ड विसरायचे, मला सांगून ठेवायचे,
सोनाराकडे डाग ठेवावा तसे.
फिलूमायचा, नवऱ्याच्या बोटीचं नाव.
कुष्टा मास्तरांचा, निवृत्तीची तारीख.
एका खाणमालकाच्या मुलाचा नुसता एक ते आठ.
शांबाचा, आंजेलीन, त्यातला पहिला ए गाळून.
बटण दबत नव्हतं.

सगळ्या किल्ल्या शाबूत,
आणि त्या घरांचा चौथरासुद्धा कुठे दाखवता यायचा नाही.

त्या पानाचा फोटो काढून मी शांबाला पाठवला.
तो कुवेतला असतो, दोन मुलं आहेत.
दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.
मग बराच वेळ दिसत राहिलं, तो टाइप करतोय,
थांबलं, पुन्हा करतोय,
आणि मग नुसतं
त्याचं नाव.